न दाबलेलं बटण

मी आयुष्यभर टीव्हीवरचे कार्यक्रम जमवले. दीपमालाताईंनी ते नुसते भरून ठेवले. या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे, असं मी पंचवीस वर्षं चारचौघांत सांगत फिरलो. फरक खरोखरच आहे. फक्त दोघांत शहाणं कोण, ते मला फार उशिरा कळलं.

आधी माझी ओळख करून देतो, म्हणजे माझ्यावर रागवायला सोपं जाईल. मी श्रीनिवास, बँकेतून निवृत्त झालेला माणूस, राहणार सिडको, एन-दोन. घरात एक लोखंडी कपाट आहे आणि त्यात दोनशे बारा व्हिडिओ कॅसेटी आहेत. नाटकं, मुलाखती, मालिका, गाण्याच्या मैफिली; प्रत्येकीला नंबर, आणि नंबराप्रमाणे वहीत नोंद. एकाही कॅसेटमध्ये जाहिरात सापडणार नाही. जाहिरात लागली की मी पॉज दाबायचो, संपली की सोडायचो. निवेदिका बोलायला लागली की पॉज. 'व्यत्यय'ची पाटी आली की पॉज. नावांची पाटी पहिल्या भागाची ठेवली, मग पुढच्या भागांची कशाला, म्हणून पॉज. बायको म्हणायची, "तुम्ही कार्यक्रम बघता की बटण?" ती बरोबर होती, पण हे मान्य करायला मला निवृत्त व्हावं लागलं.

दीपमालाताई मला भेटल्या अठ्ठ्याऐंशी साली, मुकुंदवाडी स्टेशनाच्या रस्त्यावर. त्यांच्या यजमानांची, सर्जेरावांची, तिथं व्हिडिओ लायब्ररी होती. पुढं दुकान, मागं घर, मधे फुलांचा पडदा. मी कॅसेट परत करायला गेलो होतो. पडदा बाजूला झालेला होता, आतल्या खोलीत टीव्ही चालू होता, व्हीसीआरवर रेकॉर्डिंगचा लाल दिवा लागलेला होता, आणि साबणाची जाहिरात बिनधास्त रेकॉर्ड होत होती. ताई चुलीपाशी भाकरी थापत होत्या. माझ्या जिवाची तगमग झाली. मी दारातूनच ओरडलो, "अहो, पॉज दाबा, पॉज! जाहिरात भरतेय!"

त्यांनी मान वर केली. अठ्ठावीस-एकोणतीसचं वय, पिठाचे हात, कपाळावर घाम.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "भाकरी करू का बटन दाबत बसू?"

सर्जेराव गल्ल्यामागून हसले. मला ते हसू आवडलं नाही, पण पुढं त्याच दुकानाशी माझी दोस्ती झाली. सर्जेरावांकडच्या सिनेमाच्या कॅसेटी लोक नेऊन नेऊन झिजवायचे. चित्रावर पांढऱ्या रेघा पडल्या की गिऱ्हाईक शिव्या घालायचं. मग ती कॅसेट ताईंच्या वाट्याला. त्यावर कुणी चुकून रेकॉर्ड करू नये म्हणून कडेची पट्टी तोडलेली असायची. त्या भोकावर ताई चिकटपट्टी लावायच्या, कॅसेट आत सरकवायच्या, बटण दाबायच्या आणि स्वयंपाकाला लागायच्या. तीन तासांनी कॅसेट संपली की मशीन आपोआप थांबायचं. मधे जे काही आलं ते सगळं आत. शेतकऱ्यांचा कार्यक्रम, हरवलेल्या माणसांच्या सूचना, बातम्या, हवामान, नुसती पाटी आणि तिच्यामागची सनई. दुसऱ्या दिवशी दुपारी दुकान सामसूम झालं की शेंगा सोलत त्या काल हुकलेली संध्याकाळ बघत बसायच्या.

त्यांचं कॅसेटवर नाव टाकणं तर मला हसून हसून बेजार करायचं. मालिकेचं नाव नाही, तारीख नाही. कागदाच्या पट्टीवर लिहिलेलं असायचं: 'शेंगोळे'. 'धोंडे, जावई आले'. 'म्हैस व्याली'. 'कडूबाईचं बाळ'. त्या दिवशी घरात जे रांधलं किंवा घडलं, ते कॅसेटचं नाव. मी एकदा म्हणालो, "ताई, अशानं तुम्हाला कधी काही सापडणार नाही."

"मला सापडतं की," त्या म्हणाल्या. "तुमाला कशाला शोधायचंय?"

एक मात्र मी कधी चेष्टेवारी नेलं नाही. त्या काहीही पुसत नसत. कॅसेट पुन्हा वापरा म्हटलं की त्यांचा चेहरा बदलायचा. त्यांचं माहेर गंगापूरकडचं, गोदावरीकाठचं. त्या बारा-तेरा वर्षांच्या असताना गाव जायकवाडीच्या पाण्यात गेलं. घर, ओटा, कडुलिंब, नदीच्या पायऱ्या, सगळं. त्या गावाचा एकही फोटो कुणाकडे नाही. "कुणी एक फटू काढला असता तर?" त्या म्हणायच्या. "आता डोळे मिटले तर बी आमचा ओटा नीट दिसत नाय. म्हून मी कायच पुसत नाय, भाऊ. होऊन गेलेला दिस पुसायचा कसा?" सासरची शेती सिडकोत गेली. त्याबद्दल मात्र त्या रडत बसल्या नाहीत. मला चिडवायच्या, "तुमचं घर आमच्या जवारीत हाय बरं का, भाऊ. जपून ऱ्हावा."

केबल आली आणि लायब्ररी बसली. सर्जेरावांनी तिथंच पिठाची गिरणी टाकली. ताईंच्या साडेतीनशे-चारशे कॅसेटी मागच्या खोलीत फळ्यांवर जाऊन बसल्या. माझ्या कपाटाची वर्तमानपत्रात बातमी आली, फोटोसकट. त्यांच्या खोलीची कोण बातमी छापणार!

आता मूळ गोष्टीकडे येतो. अठ्ठ्याऐंशी साली 'सहा मोटांची विहीर' नावाची मालिका लागायची, तेरा भागांची. एका गावाची, त्याच्या विहिरीची गोष्ट. आमच्याकडे तिचं अप्रूप जास्त, कारण तिचं शूटिंग आदल्या वर्षीच्या दुष्काळात दौलताबादला झालं होतं आणि किल्ल्याखालची अर्धी माणसं तिच्यात गर्दी म्हणून उभी होती. ही मालिका दोन हजार अकरा साली डीव्हीडीवर अधिकृतपणे आली. कंपनीचं नाव घेत नाही, उगाच जाहिरात कशाला. मी पहिल्याच दिवशी आणली आणि पहिल्याच दिवशी डोकं धरून बसलो. जुनं चौकोनी चित्र नव्या लांबट टीव्हीवर मावावं म्हणून वरखाली कापलेलं. पाटलाचा पटका गेला आणि म्हातारीचे पाय गेले. कोपऱ्यात कंपनीचं चिन्ह, तेही लुकलुकणारं. विहिरीवरच्या शांततेत कुणीतरी बासरी घुसडलेली. प्रत्येक भागाची नावं उडवून शेवटी एकच सामाईक यादी. खोक्यावर मात्र ठसठशीत अक्षरात 'संपूर्ण मालिका'.

मी कंपनीला पाच पत्रं लिहिली. भागाभागाप्रमाणे, कुठं किती सेकंद कापलेत ते माझ्या कॅसेटशी ताडून. पाचव्या पत्राला उत्तर आलं: आपल्या प्रेमाबद्दल आभारी आहोत, सोबत आमच्या नव्या बालगीतांच्या संचाचं माहितीपत्रक. त्या रात्री मला जेवण गेलं नाही, असं बायको अजून सांगते.

दोन हजार तेराच्या जानेवारीत दौलताबादच्या शाळेतून चारुता मॅडमचा फोन आला. त्या तिथल्या शिक्षिका. सव्वीस जानेवारीला गावच्या चतुराबाईंचा सत्कार करायचा होता. चतुराबाई म्हणजे अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, हळदीची आणि जात्यावरची गाणी म्हणणाऱ्या. पंचक्रोशीत लग्न निघालं की हळद दळायला त्यांचा गळा हवाच. त्या गेली पंचवीस वर्षं सांगत आल्या होत्या की 'सहा मोटांची विहीर'च्या नवव्या भागात त्यांनी गाणं म्हटलंय, तेही टीव्हीवर, नावासकट. प्रसारणाच्या दिवशी गावात वीज नव्हती, त्यामुळं ते कुणी पाहिलं नव्हतं, खुद्द चतुराबाईंनीही नाही. मॅडमना वाटलं, आता पडद्यावर सगळ्या गावाला दाखवावं. बातमीत माझं नाव वाचलेलं, म्हणून मला विचारलं.

मी डीव्हीडी घेऊन गेलो. पाहुणा म्हणून पहिल्या रांगेत बसलो. आधी चतुराबाईंनी माईकवर ती हकीकत सांगितली. दुष्काळामुळं विहीर कोरडी ठाक होती आणि शूटिंगला तर पाणी हवं. मग शूटिंगवाल्यांनी टँकर आणून विहिरीत ओतला. "आमी बाया हंडे घेऊन हुब्या," त्या म्हणाल्या. "इतक्या दिसांनी पानी पडल्याला आवाज आला. मला ऱ्हावलंच नाय. कुनी म्हन बी म्हनलं नव्हतं, म्या आपलं गानं जोडलं आन म्हनलं. त्यो सायेब म्हनला, ऱ्हाऊ द्या, घ्या घ्या. नाव बी लिवून घेतलं." पोरं टाळ्या वाजवत होती. नववा भाग लागला. टँकरचं पाणी विहिरीत पडलं, बासरी वाजली, आणि पुढच्या क्षणी पाटलाचा वाडा. गाणं नाहीच. सतरा मिनिटांत भाग संपला. शेवटी नाव नाही.

मागून कुणीतरी पोरगं म्हणालं, "आजी, सपान पडलं व्हतं व्हय?" हशा पिकला. मॅडम सगळ्यांना गप्प करत राहिल्या. चतुराबाईंनी मांडीवरची शाल घडी करून खुर्चीवर ठेवली, नारळही ठेवला, आणि माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "म्या खोटं बोलले नाय, बाबा," एवढंच म्हणाल्या आणि गेल्या.

मी मॅडमना छातीठोक सांगितलं, कंपनीनं कापलंय, माझ्या कॅसेटमध्ये असणारच. जीपमधून परत येताना मी मनात सहावं पत्र लिहीत होतो, आणि काय पत्र होतं! घरी आलो, बूटही न काढता कॅसेट क्रमांक एकशे एकेचाळीस लावली. टँकरचं पाणी विहिरीत पडलं. चित्राला एक झटका बसला, एक आडवी रेघ वर सरकली, आणि पाटलाचा वाडा.

ती रेघ मी ओळखली. पॉज दाबून सोडला की अशीच रेघ येते. एका कॅसेटमध्ये भाग बसवताना जागा कमी पडायची, म्हणून मी 'गाणीबिणी' गाळायचो. वहीत माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं: 'भाग ९, अनावश्यक भाग वगळून.' कंपनीला पाठवलेल्या पाच पत्रांत या गाण्याचा उल्लेख का नव्हता, तेही आता उघड होतं. जे मी स्वतःच कापलं होतं, ते डीव्हीडीत नाही हे मला कळणार तरी कसं? मला माझीच लाज वाटली.

चार दिवसांनी मॅडमचा पुन्हा फोन आला. शेजारच्या घरी लग्न होतं. चतुराबाईंना हळद दळायला बोलावलं, त्या गेल्या, पण जात्याला हात लावला नाही. "खोटारडीचं गानं कशाला नवरीला," म्हणाल्या. "काहीतरी करा सर," मॅडम म्हणाल्या. "आजींनी गाणं सोडलंय."

मी सरळ मुकुंदवाडीला गेलो आणि दीपमालाताईंना सगळं सांगितलं, माझ्या बटणासकट. त्या हसतील असं वाटलं होतं. हसल्या नाहीत. म्हणाल्या, "कोनता दिस व्हता?"

माझ्या वहीत तो होता. आषाढातला गुरुवार. ताईंनी क्षणभर डोळे मिटले. "आषाढ म्हंजी तळण. गुरवारी मी कापण्या केल्या आसनार. 'कापण्या' बघा."

'कापण्या' नावाच्या सात कॅसेटी निघाल्या, सात आषाढांच्या. कोणती कोणत्या वर्षाची, ते देव जाणे. ताईंचा व्हीसीआर कधीच मोडीत गेला होता. माझा सोमवारी घेऊन यायचं ठरलं. निघताना मी माझ्या शिस्तीप्रमाणे त्या सातही कॅसेटी फळीवरून काढून एका पुठ्ठ्याच्या खोक्यात घातल्या आणि खोकं दाराशी, जमिनीवर ठेवलं. सोमवारी शोधाशोध नको म्हणून.

त्या वर्षी जायकवाडीनं तळ गाठला होता. धरणातून जुन्या गावांच्या पायऱ्या वर आल्या होत्या आणि ताई मुद्दाम जाऊन आपल्या नदीच्या पायऱ्या बघून आल्या होत्या. आमच्या नळाला पाणी चार-पाच दिवसांनी, कधी सहा, आणि येण्याच्या वेळेचा नेम नाही. घराघरांत ड्रम. पलंगाखाली, जिन्याखाली, देवघराशेजारी. ताईंकडे जागा एकच उरली होती, कॅसेटींची खोली. तिथं पाच निळे ड्रम आणि नळापासून आलेली नळी. पाणी शुक्रवारी यायचं होतं, आलं नाही. शनिवारी नाही. रविवारी गंगापूरला लग्न होतं. त्या काळात आमच्या शहरात कुणीही जे केलं असतं तेच त्यांनी केलं: नळी ड्रममध्ये सोडली, नळ उघडा ठेवला आणि दोघं लग्नाला गेले. यदाकदाचित आलंच पाणी, तर एक ड्रम तरी भरेल.

आलं. भर दुपारी, इतक्या जोरात की गेल्या दोन महिन्यांत तसं आलं नव्हतं. ड्रम भरून वाहिला आणि खोलीत घोट्याएवढं पाणी साचलं. ऐन दुष्काळात ताईंच्या कॅसेटी पाण्यात बुडाल्या! मी सोमवारी व्हीसीआर काखोटीला मारून पोहोचलो तेव्हा गल्लीतल्या बाया खोलीतलं पाणी बादल्यांनी उपसत होत्या, आणि थेंबही गटारात जात नव्हता. एकीच्या घरचे कपडे, दुसरीची भांडी, कोपऱ्यावरची म्हैस. फळ्यांवरच्या कॅसेटी कोरड्या होत्या. तळाच्या ओळी भिजल्या होत्या, आणि माझं खोकं तर लगदा होऊन बसलं होतं. पुठ्ठा उचलला तसा तो हातात आला आणि सातही 'कापण्या' पाण्यात सांडल्या.

मला रडू फुटलं. बासष्ट वर्षांचा माणूस, बायकांच्या समोर. सर्जेराव म्हणाले, "सायेब, बसा. च्या घ्या." ताईंनी कॅसेट हातात घेतली, हलवली, आतलं पाणी खळखळलं.

"पीठ भिजलं तर टाकून देतो का आपन?" त्या मला म्हणाल्या. "वाळवायचं कसं, ते सांगा. तुमाला ठावं आसंल की."

मला ठाऊक होतं. तेवढं तरी पुस्तकी ज्ञान होतं. कॅसेट लावायची नाही, स्क्रू काढून उघडायची, आतली रिळं स्वच्छ पाण्यात हलकेच विसळायची, उन्हात नाही तर सावलीत, वाऱ्यावर वाळवायची. स्वच्छ पाणी म्हणजे नळाचं चालणार नव्हतं. पिण्याच्या पाण्याचा जार आणला. जिथं लोक चूळ भरताना विचार करत होते तिथं आम्ही जारच्या पाण्यानं फिती धुतल्या, आणि गल्लीत कुणी एक शब्द बोललं नाही. वाळवायचं कशावर, हा प्रश्न ताईंनीच सोडवला. गल्लीतल्या सगळ्या चाळण्या मागवल्या. पिठाच्या, रव्याच्या, गव्हाच्या. पालथ्या चाळणीवर रीळ, म्हणजे वारा खालूनही लागतो. वर पंखा. दर दोन तासांनी सांडगे उलटावेत तशी रिळं उलटायची. पुस्तकात हे नव्हतं, पण मी कुठल्या तोंडानं नको म्हणणार होतो? नऊ दिवस गिरणीचं पीठ उडू नये म्हणून मधल्या दाराला ओला पडदा लावला होता. कवचांचे स्क्रू गंजले होते, आत पुठ्ठ्याचा लगदा बसला होता. सर्जेरावांनी पोटमाळ्यावरून जुन्या सिनेमाच्या कॅसेटी काढल्या, उघडल्या आणि त्यांची कवचं दिली. "एकदा गिऱ्हाइकांनी झिजवल्या," ते म्हणाले, "आता तुमी झिजवा."

दहाव्या दिवशी पहिली लावली. पडद्यावर नुसत्या मुंग्या. दुसरीत क्रिकेटचा सामना. तिसरी अर्ध्यात तुटली. चौथीत ब्याण्णव सालच्या राष्ट्रपती निवडणुकीच्या बातम्या. प्रत्येक कॅसेटनंतर मी मशीनचं डोकं पुसायचो आणि ताई म्हणायच्या, "पुढची." पाचवी लागली. कपाशीवरच्या बोंडअळीची माहिती. निळा सदरा घातलेला, दौंडहून हरवलेला इसम. तीच साबणाची जाहिरात. मग साडीचा पदर नीट करत निवेदिका म्हणाली, "आता पाहू या मालिका 'सहा मोटांची विहीर', भाग नववा."

चित्र थरथरत होतं, कडेनं हिरवट झालं होतं. टँकरचं पाणी विहिरीत पडलं. आणि कॅमेरा वळला तो एका पन्नाशीच्या बाईवर. डोक्यावर रिकामा हंडा, हसतेय, आणि गातेय:

ढग आलं चाकावरी, पाऊस आला नळीतून,
बाई माझ्या विहिरीला पान्हा फुटला तळातून.

अडीच मिनिटं. माझ्या वहीप्रमाणे, अनावश्यक भाग. भाग संपला, नावं वर सरकली, आणि सगळ्यांत शेवटी: 'गायन – चतुराबाई, दौलताबाद.' ताईंनी पदर डोळ्यांना लावला. "भाकरी थापत व्हते मी तवा," त्या म्हणाल्या. "नाय नाय, कापण्या तळत व्हते." आणि मग त्या हसायला लागल्या, मीही.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात आम्ही पुन्हा दौलताबादला गेलो. त्याच शाळेत, तीच मुलं, तोच पडदा. कॅसेटची नक्कल मी करून घेतली होती, एक सेकंद न गाळता. चतुराबाई यायला तयार नव्हत्या. चारुता मॅडम आणि दीपमालाताई दोघी घरी जाऊन त्यांना हाताला धरून घेऊन आल्या. त्या मागच्या बाकावर बसल्या, जायच्या तयारीनं.

मी उभा राहिलो. भाषण लिहून नेलं होतं, कंपनीचा चांगला समाचार घेणारं. ते खिशातच राहिलं. मी म्हणालो, "हे गाणं कंपनीनं कापलं. त्याच्या आधी ते मी कापलं होतं. आजी खरं बोलत होत्या. आज ते तुम्हाला दिसणार आहे ते या दीपमालाताईंमुळं, कारण यांनी कधी बटण दाबलं नाही." मुलांना फारसं कळलं नसावं. चतुराबाई मात्र बाकावरून थोड्या पुढं सरकल्या.

ताईंची अट होती, काहीही पुढं पळवायचं नाही. म्हणून बोंडअळी लागली, हरवलेला इसम लागला, साबण लागला, मुलं खिदळली. मग विहीर. पाणी. गाणं. खिदळणं थांबलं. चतुराबाई पडद्यावर स्वतःकडे बघतच नव्हत्या. त्या शेजारच्या हंडेवाल्या बायांकडे बोट दाखवून हळू आवाजात सांगत होत्या, "ही आमची जाऊ. ही धोंडिबाची माय. ही गेली. ही बी गेली. बघा की, कशी हसाया लागली!" शेवटी नाव आलं. त्यांना वाचता येत नव्हतं. ज्या पोरानं जानेवारीत स्वप्नाची चेष्टा केली होती, त्यानंच उठून मोठ्यानं वाचलं: "गायन, चतुराबाई, दौलताबाद." आणि मग टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेनात.

(त्याची एक नक्कल मी कंपनीलाही पाठवली. उत्तर आलं, या वेळी लगेच: गाणं घ्यायला आवडेल, मूळ चित्र न कापता नवा संच काढायचा विचार आहे, जाहिराती काढून पाठवाल का? मी ताईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "त्यान्ला काढायच्या तर काढू द्या. आपन नाय काढायच्या." तसंच कळवलं. नवा संच निघाला. चित्र पूर्ण आहे, गाणं आहे, नाव आहे. चिन्ह अजून लुकलुकतं.)

त्या दिवशी टाळ्या संपल्यावर चतुराबाई उठल्या आणि पुढं आल्या. माईक नको म्हणाल्या. "त्यात दोनच ओव्या घेतल्या त्यांनी," त्या म्हणाल्या. "गानं लई मोठं हाय." आणि भर वर्गात, डोळे मिटून, त्यांनी ते पहिल्यापासून म्हणायला घेतलं. जानेवारीपासून बंद असलेला गळा आधी घोगरा निघाला, मग उघडला.

माझा छोटा कॅमेरा चालू होता. तिसऱ्या ओवीला त्यांना ठसका लागला. पंचवीस वर्षांची सवय. माझा अंगठा आपोआप पॉजच्या बटणावर गेला. समोर दीपमालाताई बसल्या होत्या. त्या चतुराबाईंकडे बघत नव्हत्या, माझ्या अंगठ्याकडे बघत होत्या. मी तो काढून घेतला. मग ठसका भरला गेला, पाणी आणायला धावलेल्या मुलीच्या पैंजणांचा आवाज भरला गेला, मॅडमचं "सावकाश, आजी" भरलं गेलं. चतुराबाईंनी दोन घोट पाणी घेतलं, पदरानं तोंड टिपलं आणि माझ्याकडे बघून विचारलं, "चालू हाय का ते?"

"चालू आहे, आजी."

"मग खाली बस की, बाबा," त्या म्हणाल्या. "अजून लई हाय."